पागा, पॅडॉक आणि रिंगण

आमच्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षकांची जागा काही काळ रिकामी आहे. त्यामुळे सातवीच्या वर्गावर तो विषय आम्हांसच घ्यावा लागतो. मराठीत एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकाने इंग्रजी शिकवावे यात थोडी गंमत आहे खरी. परंतु निपाणीकडच्या एखाद्या खेड्यातील सरकारी शाळेत गंमत आणि गरज यांचे फारसे भांडण नसते. गेल्या माघात एका उताऱ्यात ‘पॅडॉक’ हा शब्द आला. उतारा घोड्याच्या शिंगराविषयी होता. आम्ही सवयीने खडू उचलला आणि फळ्यावर अर्थ लिहिला : ‘पागा’. मुलांनी तो वहीत उतरून घेतला, आणि आम्ही पुढच्या वाक्याकडे वळणार तोच शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

“सर, पागेत घोडं बांधल्यालं असतंय न्हवं? धड्यातलं शिंगरू तर मोकळं पळाय लागलंय.”

वर्ग हसला. आम्हीही हसलो, परंतु आमचे हसणे उत्तर न सुचल्याचे होते. मुलगा टांगेवाल्याचा नातू. निपाणीच्या रस्त्यांवरून टांगे गेले, पण त्याच्या आजोबांच्या दारातला घोडा गेला नाही. लग्नसराईत तो वरातीला जातो. भाषेच्या पदवीधराने जे पाहिले नव्हते, ते पहाटे उठून घोड्याची लीद काढणाऱ्या पोराने पाहिले होते. “उद्या सांगतो,” असे म्हणून आम्ही तास आटोपता घेतला. ते ‘उद्या’ सांगायला आम्हांस बरेच दिवस लागले. त्या दिवसांत जे वाचले, आठवले आणि पाहिले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घोडा बांधण्याची जागा

घोड्याच्या निवाऱ्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. संस्कृतात अश्वशाला आहे, मंदुरा आहे. अरबीकडून तबेला आला, फारसी ‘पायगाह’ या शब्दापासून पागा आली. घोड्याची ठरलेली उभी राहण्याची जागा ते ठाण. एका रांगेत जनावरे बांधण्याची सोय ती दावण. पुढचा दोर अगाडी, मागचा दोर पिछाडी. घोड्याची निगा राखणारा तो मोतद्दार, त्याच्या हातातला दातेरी खरारा, घोड्याच्या तोंडाला चंदीचा तोबरा. यांतले कितीतरी शब्द घोड्यावरून उतरून आपल्या रोजच्या बोलण्यात येऊन बसले आहेत. तोंडात तोबरा भरणाऱ्यास आज घोडा ठाऊक असेलच असे नाही, आणि खोगीरभरती करणाऱ्या लेखकांनी तर खोगीर कधी पाहिलेलेही नसते.

पागा या शब्दाला मराठ्यांच्या इतिहासात दुहेरी अर्थ होता. पागा म्हणजे घोड्यांचा तबेला, आणि पागा म्हणजे सरकारी घोड्यांचे पथकही. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. सरकारच्या घोड्यावर बसे तो बारगीर. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची जी व्यवस्था आली आहे, तीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद सांगितला आहे. स्वाराच्या आधी घोड्याच्या पाण्याची आणि नालेची तजवीज करणारे ते राज्य होते. पावसाळ्यापूर्वी लष्कर छावणीस परतावे आणि दसऱ्यानंतर पुन्हा मुलूखगिरीस निघावे, हा त्या व्यवस्थेचा क्रम. ‘छावणी’ हा शब्दही मुळात छावण्यावरून, म्हणजे गवताने शाकारण्यावरून आलेला. बेळगावच्या कॅम्पातून आपण आज जातो तेव्हा त्या शब्दाच्या डोक्यावर एके काळी गवताचे छप्पर होते, याची आठवण कोणास होते?

चिपळूणजवळच्या छावणीतील आपल्या अंमलदारांस महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, या आज्ञेसाठी ते सांगितले जाते. परंतु त्या पत्राचा मोठा भाग घोड्यांविषयी आहे. आत्ताच दाणा आणि गवत मनास येईल तसे खर्चून टाकाल, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. कोणी आगट्या पेटवील, कोणी रात्री दिवा जळत ठेवील, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल, असा तो इशारा आहे. एका राज्यकर्त्याने उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत विचार करावा, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. जनावर आपण कोंडले, बांधले, की त्याची भूक, त्याचे पाणी, त्याची आग हे सारे आपल्या माथी आले. कारण त्याला पळून जाण्याची वाट आपण ठेवलेली नसते. या एका विचारापाशी आम्ही पुनःपुन्हा येऊन थांबलो.

आमच्या निपाणीलाही घोड्यांचा इतिहास आहे. उत्तर पेशवाईत सिद्धोजीराव निंबाळकर, म्हणजेच आप्पासाहेब निपाणकर, यांच्या स्वारांचा या मुलुखात दबदबा होता. ते स्वार गेले आणि वाड्याच्या भिंती तेवढ्या राहिल्या. पुढे गाव ओळखले जाऊ लागले ते तंबाखूच्या वखारींसाठी. पुण्यात मात्र एका पागेचे भाग्य वेगळ्या रीतीने उजळले. पेशव्यांची खासगी पागा, ती हुजूरपागा. त्या जागेवर १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींच्या पुढाकाराने मुलींची शाळा सुरू झाली, आणि आजतागायत ती शाळा त्याच नावाने ओळखली जाते. ज्या आवारात एके काळी घोडे बांधले जात, त्याच आवारातून मुली जगात बाहेर पडल्या. आवार तेच असले, तरी त्याचा अर्थ माणसे बदलू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

घोडा दाखवण्याची जागा

आता त्या ‘पॅडॉक’कडे वळू. इंग्रजीतील हा शब्द जुन्या ‘पॅरॉक’ या शब्दाचे पालटलेले रूप आहे. मूळ अर्थ कुंपण घातलेली जमीन. आपण बागेला लावतो तो ‘पार्क’ हा शब्दही त्याच गोतातला. जुन्या इंग्रजीत बेडकालाही ‘पॅडॉक’ म्हणत, त्याचा याच्याशी काही संबंध नाही; तथापि कोशाच्या विहिरीत एकट्याने उतरणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती घोड्याऐवजी बेडूक लागण्याचा संभव असतो, म्हणून सांगितले. इंग्लंडात घराजवळचे, घोडा मोकळा सोडण्याचे लहानसे कुंपणबंद कुरण म्हणजे पॅडॉक. ऑस्ट्रेलियात कुंपण घातलेल्या कोणत्याही शेताला तो शब्द लागतो, मग त्यात मेंढ्या चरोत की गहू डुलो. मोटारींच्या शर्यतीत गाड्यांच्या गराजांमागील, पथकांच्या वावराची जागा म्हणजे पॅडॉक. तेथे घोड्याचे केसही सापडायचे नाहीत.

घोड्यांच्या शर्यतीत या शब्दाला खास अर्थ आहे. शर्यतीपूर्वी घोडे प्रथम ज्या आवारात आणतात, ते पॅडॉक. तेथे खोगीर चढते, मोतद्दार लगाम धरून घोड्यास गोल फिरवतो, मालक आणि प्रशिक्षक अंगावर विशिष्ट रंगांचे कपडे घातलेल्या जॉकीला शेवटच्या सूचना देतात, आणि मग जॉकी वर चढतो. कुंपणाबाहेर उभे असलेले लोक घोड्याची चाल, कांती, घाम, कानांची ठेवण न्याहाळतात, आणि त्यावरून पैसे कोणावर लावायचे ते ठरवतात. पुण्याचे रेसकोर्स १८३० चे आणि मुंबईचे महालक्ष्मीचे १८८३ चे. महालक्ष्मीवर १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली तेव्हा ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली होती. बेळगावातही लष्करी वस्तीच्या बाजूस ‘रेसकोर्स’ म्हणून ओळखला जाणारा परिसर आहे. आज ते नाव ऐकून घोडा आठवण्याऐवजी २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोल्फच्या मैदानात शिरलेला बिबट्याच लोकांस आठवतो, कारण त्या दिवसांत आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती.

रेसकोर्सवर कुंपण केवळ घोड्यांभोवती असते असे नाही. तेथे माणसांचीही आवारे असतात : सभासदांचे वेगळे, तिकिटवाल्यांचे वेगळे, जिंकलेल्या घोड्याच्या सन्मानाचे आणखी वेगळे. इंग्लंडातील ॲस्कॉटच्या शर्यतीत तर राजघराण्याच्या आवारात प्रवेश मिळणे हीच प्रतिष्ठा. तेथे घोड्याची परीक्षा सर्वांसमक्ष होते, माणसाची फाटकावरच होऊन जाते.

याच्या उलट तऱ्हा आमच्या सीमाभागातील जत्रांच्या शर्यतींची. घोडागाड्यांच्या शर्यती, बैलगाड्यांच्या शर्यती, कोठे एका बाजूस घोडा आणि दुसऱ्या बाजूस बैल जुंपलेल्या गाड्यांच्या शर्यती आम्ही लहानपणापासून पाहत आलो. त्यांत उत्साहाला तोटा नाही. तोटा असतो तो आखलेल्या मैदानाचा. डांबरी रस्त्यावर जनावर पळते, मागे-पुढे मोटारसायकली ओरडत धावतात, आणि घोड्याचे खूर प्रत्येक टापेस कठीण रस्त्यावर आपटतात. बैलांच्या शर्यती सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली थांबवल्या. पुढे राज्यांनी कायदे बदलले, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडू, महाराष्ट्र व कर्नाटक यांचे ते बदल मान्य केले. परवानगी मिळाली, म्हणजे जबाबदारीही आली. कुंपण कधी कधी जनावरास अडवण्यासाठी नव्हे, तर आपला उन्माद अडवण्यासाठी लागते.

टांगेवाले आजोबा काय म्हणाले

इतके वाचून झाले तरी मुलाच्या प्रश्नाचे उत्तर वर्गात देण्याचा योग आला नाही, कारण मुलगाच शाळेत येईनासा झाला. कारण शोधायला दूर जावे लागले नाही. ते आमच्याच सहीचे होते. उशिरा येणाऱ्या मुलांना शिस्त लागावी म्हणून प्रार्थना संपताच फाटक बंद करावे, असा नियम आम्हीच त्या महिन्यात केला होता. तीन दिवस तो मुलगा बंद फाटकापर्यंत येऊन परत गेला. चौथ्या दिवसापासून आलाच नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे आठ फुल्या पडल्या, तेव्हा आम्ही त्याच्या घरी गेलो.

घोडा परड्यात मोकळा होता. परड्याभोवती बांबूचे आडवे कुंपण. पोरगे खरारा हातात घेऊन उभे होते आणि आमच्याकडे पाहत नव्हते. आजोबांनी बसायला पोते टाकले.

“गुरुजी, पोराची चूक न्हाई. वरात रात्री एकला सुटती. घोडं चालवत आणायचं, पाणी पाजायचं, अंग चोळायचं, मग निजायचं. सकाळी उशीर हुतोयच.”

आम्ही विचारले, “आजोबा, घोडा रात्री बांधत नाही का?”

“बांधतो की. पर दिसभर बांधून ठिवलं तर त्याचं पाय भरत्यात. घोडं उभं ऱ्हायला झाल्यालं न्हाई, चालाय झालंय. आन् तार लावायची न्हाई कुंपणाला. भ्यालं की घोडं बघत न्हाई, घुसतंय. काटेरी तारंनं फाडून घेतंय.”

पुढे पशुवैद्यकाची पुस्तके चाळली तेव्हा आजोबांचे प्रत्येक वाक्य तेथे भेटले. घोड्याचे पोट शरीराच्या मानाने लहान. तो मोकळा असला तर दिवसाचा बहुतेक वेळ थोडे थोडे चरत, चालत राहतो. सतत ठाणावर बांधलेल्या घोड्याच्या पायांस सूज येते, पोटशूळ संभवतो, आणि कंटाळ्याने त्याला खोडी जडतात : कोणी लाकूड दातांत धरून हवा गिळतो, कोणी जागच्या जागी एकसारखा डुलत राहतो. त्या खोडी घोड्याच्या म्हणून सांगितल्या जातात. वास्तविक त्या कोंडण्याच्या असतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, आणि शंका येताच पळणे हाच त्याचा बचाव. म्हणून त्याच्या कुंपणास काटेरी तार नको, अणकुचीदार कोपरे नकोत, ज्यात तो अडकून पडेल अशी चिंचोळी जागा नको. चांगले कुंपण घोड्यास दिसते, पण टोचत नाही.

परत येताना आम्ही सहज विचारले, “या मोकळ्या जागेला तुम्ही काय म्हणता?”

“काय म्हननार? घोडं मोकळं सोडायची जागा,” आजोबा म्हणाले. मग थोडे थांबून, “पर खरं मोकळं घोडं बघायचं तर वारीत बघा. आमच्याच बाजूचं घोडं हाय ते.”

माणसांचे कुंपण

आजोबांचे बोलणे खरे होते. आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातील मानाचे अश्व येतात ते आमच्या बेळगाव जिल्ह्यातून, चिक्कोडी तालुक्यात कृष्णाकाठी असलेल्या अंकलीहून. मिरजेजवळ दुसरी एक अंकली आहे, ती वेगळी. ही अंकली शितोळे सरकारांची. शितोळे हे ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारातील मातब्बर सरदार घराणे. पालखी सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हेही शिंद्यांच्याच चाकरीतले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांनी सोहळा उभा केला तेव्हा शितोळ्यांनी घोडे, तंबू, नैवेद्य यांची सेवा पत्करली, आणि ती परंपरा त्या घराण्याने सोडलेली नाही. ज्येष्ठ महिन्यात दोन अश्व अंकलीहून पायी निघतात आणि सुमारे ३०० किलोमीटर चालून दहा-अकरा दिवसांनी आळंदीस पोहोचतात. वारी सुरू होण्यापूर्वीच त्यांची एक वारी झालेली असते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. अंकली एका राज्यात आणि आळंदी दुसऱ्या राज्यात राहिली. त्या रेघेने आमच्या माणसांच्या आयुष्यात काय काय केले, ते या भागातील वाचकांस आम्ही सांगावे असे नाही. अश्वांनी मात्र ती रेघ कधी विचारात घेतली नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही पुरंदावडे-सदाशिवनगर येथील गोल रिंगण पाहिले होते. मैदानाच्या मध्यभागी पालखी ठेवतात. तिच्याभोवती दिंड्या वर्तुळाकार उभ्या राहतात. आतले वर्तुळ आणि बाहेरचे वर्तुळ यांच्यामध्ये धावण्याची मोकळी वाट उरते. तेथे दोर नाही, खांब नाही, तिकीट नाही. चोपदाराने हात वर केला की हजारोंचा समुदाय आपापल्या जागी स्थिर होतो. आधी पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस आणि हंडे घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी आणि पखवाजवाले धावतात. अश्वांना वाट दाखवली जाते. मग स्वाराचा अश्व सुटतो, आणि त्याच्यामागून पाठीवर स्वार नसलेला माउलींचा अश्व. त्या रिकाम्या खोगिरावर माउली बसली आहे, ही वारकऱ्यांची श्रद्धा. मागचा घोडा पुढच्याला गाठतो, मागे टाकतो, आणि माउली, माउली असा गजर उठतो. घोडे पुढे गेले की लोक टापांखालची माती उचलून कपाळास लावतात. उभ्या रिंगणात हेच सारे रस्त्यावर, दोन रांगांच्या मधून घडते.

ही शर्यतच आहे. पण तीत पैज नाही, आणि हरलेला घोडाही कोणी शोधत नाही. येथे कुंपण माणसांचे आहे, आणि ते आपल्या खुशीने उभे राहिलेले आहे. एकाने पाऊल पुढे टाकले तर घोडा बिचकेल, माणूस तुडवला जाईल. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या धावण्यासाठी आपली जागा धरून राहतो. २०१८ साली वारीच्या वाटेवर पुण्यात हिरा या अश्वाचा मृत्यू झाला, तेव्हा वारकरी घरचे माणूस गेल्यासारखे हळहळले. २०२० साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी. ने पंढरपुरास नेल्या, आणि रिंगणाची मैदाने रिकामी राहिली. माणसेच एकत्र येऊ शकत नव्हती, तर रिंगण कशाचे करावे?

पागा घोडा सांभाळते. पॅडॉक घोडा दाखवते. रिंगण घोड्यास धावू देते. तिन्ही आवारेच आहेत. फरक आवार कोणाच्या सोयीसाठी आहे, एवढाच आहे.

हे सारे लिहिताना आमच्या शाळेचे फाटक डोळ्यांपुढून हलत नव्हते. ते आम्ही कोणासाठी बंद केले होते? शिस्त हवी, हे आम्ही आजही म्हणतो. परंतु रात्री एकपर्यंत वरातीत चाललेले पोर सकाळी धावत फाटकापर्यंत आले, आणि फाटकाने त्याला परत पाठवले. ज्या कुंपणाने त्याला सांभाळायचे, त्यानेच त्याला बाहेर ठेवले. घोडी उपाशी मेली तर ती तुम्हीच मारली असे होईल, असे लिहिणाऱ्या राजाच्या मुलुखात आम्ही मुख्याध्यापक आहोत! दुसऱ्या दिवसापासून फाटक पहिला तास संपेपर्यंत उघडे ठेवण्याचे ठरवले. उशिरा येणाऱ्याने कारण सांगावे, आणि वर्गात जावे.

मुलगा आला. त्या दिवशी सातवीच्या तासाला आम्ही फळ्यावरचा जुना अर्थ पुन्हा लिहिला, वर्गादेखत खोडला, आणि खाली लिहिले : ‘घोडा मोकळा सोडण्याची कुंपणातली जागा’. “हे कोणी सांगितले?” असे मुलांनी विचारले. आम्ही शेवटच्या बाकाकडे बोट दाखवले. तो खाली मान घालून वहीत लिहीत होता. जुना शब्द त्याने आधीच खोडून ठेवलेला होता.

एका शब्दात मावणारा अर्थ अजून आम्हांस सापडलेला नाही. कुरण म्हणावे तर कुंपण राहते, आवार म्हणावे तर गवत राहते. चिक्कोडी, निपाणी, खानापूर, हुक्केरी या बाजूंच्या जुन्या घरांतून घोडी होती. कोणा वाचकाच्या आजीच्या तोंडी त्या जागेस एखादा शब्द असेल. तो ठाऊक असणाऱ्याने एक पोस्टकार्ड टाकावे. सातवीचा वर्ग वाट पाहत आहे.